ओलीटाच्या पाईची आकारणी

ओलीटा स्टबलफील्ड असेसरच्या निवडणुकीला उभी राहणार ही बातमी पसरली आणि त्या आठवड्यात आमच्या टॅनर काउंटीतल्या निम्म्या बोटी अंगणांतून गायब झाल्या. कुणी मेव्हण्याच्या गोठ्यात ढकलल्या, कुणी वैरणीच्या गठ्ठ्यांमागे दडवल्या. लोकांचा हिशोब सरळ होता. बाई मतं मागायला दारोदार फिरणार, फिरणार म्हणजे बघणार, आणि बघणार म्हणजे मोजणार.

असेसर म्हणजे घरादाराची किंमत ठरवणारा, ज्याच्या आकड्यावर पुढे घरपट्टी बसते तो. आमच्याकडे नुसत्या घरावर भागत नाही. बोट, ट्रॅक्टर, गाईगुरं, सगळ्यांना पट्टी लागते. आणि ज्यानं आपल्या खिशात हात घालायचा त्याला आपणच मतं देऊन निवडायचं, ही आमची रीत. शहाण्या माणसाला हे पटणार नाही, पण शहाणी माणसं या डोंगरात राहायला येतात कशाला?

अर्धवट घराला पट्टी कमी बसते, हे आमच्या आजोबा-पणजोबांनीच शोधून ठेवलेलं. म्हणून इथं कुणाचं घर पुरं होत नाही. तीन भिंतींना फळ्या ठोकलेल्या, चौथीला नुसता काळा डांबरी कागद. विचारलं तर म्हणायचं, काम चालू आहे. पिजन क्रीकच्या डेल्मर स्प्रॅडलिंगच्या घराचं काम त्याचा मुलगा पाळण्यात असल्यापासून चालू आहे, आणि त्या मुलाला आता जावई आलाय.

ओलीटा वीस-बावीस वर्षं असेसरच्या कचेरीत मोजणीचं काम करत होती. हातात टेप, डोक्याला उन्हाची टोपी, आणि कुत्र्यांसाठी खिशात बिस्किटं. कचेरीचा नियम असा की मोजणी बाहेरून करायची, उंबरा ओलांडायचा नाही. त्यामुळे काउंटीतल्या एकूण एक घराचा घेर तिला तोंडपाठ, पण एकाही घराचं स्वयंपाकघर तिनं पाहिलं नव्हतं. खिडकीतून येणाऱ्या वासावरून ती ओळखायची, इथं आज बीन्स शिजतायत, इथं मका. लोक तिला वाईट म्हणत नसत. आत या असंही म्हणत नसत. एकदा चर्चबाहेर तिनं कुणाच्या तरी नव्या पडवीचं मनापासून कौतुक केलं, तर मालकाचा चेहरा असा उतरला की तेव्हापासून तिनं कौतुक करणंच सोडून दिलं.

जुना असेसर म्हातारपणामुळे पायउतार झाला आणि त्याच्या जागेसाठी ट्रॉय लेडबेटरनं अर्ज भरला. ट्रॉय जनावरांच्या बाजारातला लिलाववाला. माणूस दिलदार, आवाज खणखणीत, सगळ्या काउंटीत त्याचा कुणी शत्रू नाही. त्याचं वचन एकच होतं. मी निवडून आलो तर तुमच्या दारात टेप घेऊन कुणी येणार नाही, वरून विमानातून फोटो काढले की झालं. वरून झाडीच दिसते हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे वचन भलतंच आवडलं. त्यात तो हसत हसत म्हणाला की ओलीटाबाईंनी फार पायपीट केली, आता त्यांना आराम देऊ. ओलीटा तेव्हा समोरच उभी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती तडक कोर्टाच्या इमारतीत गेली आणि अर्ज भरून आली.

घरी तिची थोरली बहीण मॅव्हिस वाट बघत होती. मॅव्हिस गावात बायकांचे केस कापते. काउंटीत शिंक कुणाला आली हेही तिला आधी कळतं.

"अगं, तुला बघून लोक दारं लावतात," मॅव्हिस म्हणाली. "मतं कुठून देतील?"

"दारं लावतात ती टेपला. मला नाही."

"टेप वेगळी आणि तू वेगळी, हे कुणाला ठाऊक आहे?"

हे मात्र वर्मी लागलं. ओलीटा परसात जाऊन गूजबेरीच्या झुडपापाशी उगीचच उभी राहिली. हरली तर नोकरी जाणार, हे खरंच होतं. पण डोळ्यांत पाणी आलं ते नोकरीसाठी नाही. आयुष्यभर ज्यांच्या अंगणात उभी राहिले त्यांनी एकदा तरी मला आपली म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. आणि ही गोष्ट मागून मिळत नाही, हेही तिला कळत होतं.

प्रचाराला ती टेप घरी ठेवून निघायची. उपयोग शून्य. ती एका वळणावर पोचायच्या आत पुढच्या पाच घरांत फोन खणाणलेला असायचा. पडदे हलायचे, दारं उघडायची नाहीत. एका ठिकाणी नवराबायको घाईघाईनं नव्या पडवीवर ताडपत्री ओढत होते. ओलीटा दिसताच दोघं ताडपत्री हातात धरून नुसतेच उभे राहिले, ती पत्रक कुंपणावर ठेवून जाईपर्यंत. तिला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पिजन क्रीकला डेल्मर निदान बाहेर तरी आला. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, विजार खांद्याच्या पट्ट्यांवर अडकवलेली. हा गडी दर जुलैत अपील मंडळापुढे उभा राहायचा, माझ्या घराची किंमत जास्त लावली म्हणून. दर वेळी त्याचा मंडळाला एकच सवाल: हिनं माझं घर आतून बघितलंय का? नाही ना? मग हिला काय कळणार? आणि दर वेळी मंडळ अपील फेटाळायचं, कारण आतून बघायला त्यानं कधी कुणाला येऊ दिलंच नव्हतं.

ओलीटानं पत्रक पुढे केलं, तेवढ्यात मागच्या झाडीतून एक गाय हंबरली.

"हरीण," डेल्मर म्हणाला.

पाठोपाठ आणखी दोन-तीन हंबरल्या.

"यंदा हरणं बरीच दिसतात," ओलीटा म्हणाली.

"हो. पाऊसपाणी चांगलं झालं ना." त्यानं पत्रक घडी करून खिशात घातलं. "मत मागायला आलीस की मोजायला?"

"मत मागायला."

"मग मागून झालं," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं दार लावलं.

मॅव्हिसनं हे सगळं ऐकून घेतलं आणि तिनं ठरवलं की आता सगळी भिस्त पाईच्या लिलावावर. पाई म्हणजे मैद्याच्या जाड पारीत फळांचं नाहीतर मलईचं सारण घालून भट्टीत भाजतात ती. दर उन्हाळ्यात पिजन क्रीकच्या अग्निशमन दलाच्या शेडमध्ये घरोघरच्या पाई मांडतात, त्यांचा लिलाव होतो, आणि पैशातून बंबासाठी नळ्या वगैरे घेतात. पाईवर करणाऱ्याचं नाव नसतं, ते खालच्या चिठ्ठीवर असतं. जो पाई घेईल त्यानं ती करणाऱ्याच्या शेजारी बसून खायची. निवडणुकीच्या वर्षी उमेदवारांनीही पाई आणायची, आणि ज्याच्या पाईला बोली चढते त्याला मतं पडतात असं आमची जुनी माणसं मानतात. हसू नका. एकदा एका शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, पाईला कुणीच बोली लावली नाही, त्याच्या सख्ख्या सासूनंसुद्धा. तो पडला तो कायमचाच.

ओलीटानं परसातल्या गूजबेरी खुडल्या, देठ काढले, आणि दुपारभर खपून पाई केली. एका बाजूनं कड किंचित करपली. मॅव्हिस म्हणाली, दुसरी कर. ओलीटा म्हणाली, बेरी संपल्या.

शेडमध्ये माणूस मावत नव्हता. बंब बाहेर काढून आत बाकं टाकली होती, मोठाले पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. लिलाव अर्थातच ट्रॉय करणार होता. त्याच्याशिवाय कोण करणार? त्यानं पहिली पाई उचलली आणि त्याला खोडी सुचली. मनात कपट नव्हतं, पण लिलाववाल्याला गर्दी दिसली की राहवत नाही. तो म्हणाला की इतकी वर्षं आपण डोळे मिटून बोली लावतोय, आज तर किंमत ठरवणारी बाईच आपल्यात बसली आहे. तर ओलीटाबाईंनी आधी प्रत्येक पाईची रास्त किंमत सांगावी, मग बोली सुरू.

मॅव्हिसनं तिला चिमटा काढला. कुणीही शहाणी बाई अशा वेळी म्हणाली असती, अहो या तर अनमोल आहेत, आणि खाली बसली असती. पण बावीस वर्षांची सवय. ओलीटा उठली, टेबलाभोवती एक फेरी मारली, वाकून पाईच्या कडा न्याहाळल्या आणि म्हणाली, "छप्पर उंच आहे. पण आतून ओल धरलीय, त्यामुळे पाया बसलाय. सात डॉलर."

शेडमध्ये नुसते पंखे ऐकू येऊ लागले. अहो, धर्मादाय लिलाव तो. तिथं कच्च्या पाईलाही लोक खिसे रिकामे करतात, खोटं बोलणं हेच तिथं पुण्य. खरी किंमत सांगायची चूक आजवर एकानंही केली नव्हती. ट्रॉयनं चिठ्ठी उलटली. पाई निघाली पाद्र्याच्या बायकोची.

ओलीटाचे कान तापले. आता संपलं सगळं, तिला वाटलं. पाद्र्याची बायको मात्र शांतपणे नवऱ्याकडे वळली.

"ओल धरली आहे खरी," ती म्हणाली. "भट्टीचं दार नीट लागत नाही. वर्षभर सांगतेय याला."

आधी मागचं बाक हसलं, मग सगळी शेड. पाद्र्यानं लाजेकाजेस्तव अशी काही बोली लावली की टाळ्या पडल्या. आणि मग लोकांना चटकच लागली. पाई उचलली की पोरंटोरं ओरडायची, किंमत सांगा. ओलीटा सांगायची. इथं सारण भरपूर पण पारी कच्ची. इथं वरची जाळी सुबक, आत मात्र डब्यातलं फळ. ती एक किंमत सांगायची आणि पाई करणारीची माणसं इरेला पेटून बोली वर वर न्यायची. बंबाला नळ्याच काय, नवी टाकीसुद्धा येईल इतके पैसे जमायला लागले. ओलीटा कुणाला झुकतं माप देत नव्हती आणि कुणावर अन्यायही करत नव्हती. पीच फळांची एक पाई तिनं बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "पाया भक्कम. चारी बाजूंनी काम पुरं झालेलं. आजच्यांत सगळ्यांत मोठी किंमत हिला." चिठ्ठी उलटली तर ट्रॉयच्याच बायकोची. ट्रॉय क्षणभर बोलायचा थांबला, आणि असा प्रसंग आमच्याकडे कुणी पूर्वी पाहिलेला नाही.

मग त्यानं गूजबेरीची पाई उचलली.

ओलीटानं ती लगेच ओळखली, स्वतःच्याच हातची ती. तिनं नेहमीसारखी फेरी मारली नाही. दुरूनच म्हणाली, "साधीच आहे. कड करपलीय. तीन डॉलर."

ट्रॉयनं चिठ्ठी वाचली आणि तिच्याकडे बघितलं. "ही ओलीटाचीच आहे," तो म्हणाला, या वेळी हळू.

बोली येईना. जिनं केली तीच तीन डॉलर म्हणते, तर वर कोण जाणार? ट्रॉयनं एकदा पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारताना तोही जरा थांबून थांबून पुकारत होता. त्याला जिंकायचं होतं, पण असं नाही. ओलीटा जमिनीकडे बघत राहिली. तिला शेरीफ आठवला. मॅव्हिसचा हात वर जातच होता, तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला आणि डेल्मर स्प्रॅडलिंग उभा राहिला.

"थांब ट्रॉय," तो म्हणाला. "मला अपील करायचंय."

"कशावर?"

"या किमतीवर." तो बाकांमधून वाट काढत पुढे आला आणि ओलीटासमोर उभा राहिला. "मालमत्ता आतून बघितली होतीस का?"

सगळ्यांना हा सवाल पाठ होता. हशा उसळला. ओलीटानं मान हलवली.

"नाही ना? बाहेरून बघून किंमत लावायची, ही तुमची जुनी खोड." डेल्मरनं खिशातला चाकू काढला, विजारीला पुसला, पाईचा एक तुकडा कापून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. चावून झाल्यावर त्यानं आणखी एक कापला. पुरावा नीट तपासायला हवा, असं तो म्हणाला. अपील मंडळाचे तिघंही तिथंच पहिल्या बाकावर होते. त्यांनाही त्यानं एकेक तुकडा दिला.

"आता खरं सांग, बाई," तो म्हणाला. "स्वतःची आहे म्हणून कमी लावलीस ना?"

ओलीटाला खोटं बोलता येत नव्हतं, हीच तर तिची अडचण. ती लालबुंद झाली. "हो," ती म्हणाली. "कमी लावली."

डेल्मर लोकांकडे वळला. त्याचा सुरकुतलेला चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. "ऐकलंत? स्वतःच्या मालमत्तेची किंमत हिनं कमी दाखवली. भर सभेत. इतकी वर्षं मला वाटायचं ही बाई कुठल्या वेगळ्या मातीची आहे. ही तर आपल्याच माळेतला मणी निघाली."

असा गलका झाला की पंखे ऐकू येईनात. ताडपत्रीवाले नवराबायको एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते. मंडळाच्या तिघांनी तोंड पुसलं, एकमेकांकडे बघितलं आणि एकमतानं निकाल दिला की आकारणी फारच कमी झालेली आहे, अपील मंजूर. डेल्मरनं आयुष्यात जिंकलेलं हे पहिलंच अपील. त्यानंतर बोली सुरू झाली ती थांबेचना. पाद्री वाढवतोय, मंडळवाले वाढवतायत, ट्रॉयनं स्वतः दोनदा वाढवली. शेवटी पिजन क्रीकच्या लोकांनी बाकांवरून टोपी फिरवून पैसे गोळा केले आणि डेल्मरच्या नावानं बोली लावली. त्या शेडमध्ये एवढी किंमत कुठल्याही पाईला कधी लागली नव्हती. ओलीटा हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम, आणि मॅव्हिस तिला रुमाल द्यायच्या ऐवजी स्वतःच नाक पुसत होती.

रीतीप्रमाणे डेल्मर तिच्या शेजारी बसून पाई खायला लागला. खाता खाता एकच तुकडा उरला.

"त्या हरणांचं काय करणार तू?" त्यानं शेवटी विचारलं.

"मोजणार," ओलीटा म्हणाली.

"आणि मागची भिंत?"

"जशी दिसेल तशी लावीन. जास्त नाही, कमी नाही."

डेल्मर हुंकारला आणि त्यानं उरलेला तुकडा दोघांत अर्धा अर्धा केला. मत देतो की नाही, याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही.

ऑगस्टच्या मतदानाला फक्त ट्रॉय आणि ओलीटा. दुसऱ्या पक्षाला आमच्याकडे उमेदवारच मिळत नाही, म्हणून पक्षातल्या या मतदानावरच सगळं ठरतं. संध्याकाळी कोर्टाच्या इमारतीत फळ्यावर गावागावांचे आकडे लिहायला लागले. शहरात ट्रॉय पुढे. नदीकाठच्या गावांत बरोबरी. मॅव्हिस दर आकड्याला ओलीटाचा दंड आवळत होती. पिजन क्रीकची पेटी सगळ्यांत शेवटी यायची होती. जिथं एकाही घराची चौथी भिंत पुरी नाही, जिथं ओलीटाला पाणीसुद्धा कुणी कधी विचारलं नव्हतं, ते पिजन क्रीक.

आकडा लिहिला गेला. लिहिणाऱ्या बाईनं तो पुन्हा एकदा कागदावरून पडताळला, कारण तिचाही विश्वास बसेना. पिजन क्रीकनं जवळजवळ सगळी मतं ओलीटाच्या पदरात टाकली होती. थोडक्या मतांनी, पण ती निवडून आली होती. ट्रॉयनं सगळ्यांत आधी येऊन तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला की विमानाचा खर्च तरी वाचला. तो खरंच चांगला माणूस आहे.

तेवढ्यात कचेरीतला फोन वाजला आणि कुणीतरी तो ओलीटाच्या हातात दिला.

"ऐकलं आम्ही," पलीकडून डेल्मर म्हणाला. मागे बऱ्याच माणसांचा गलबला ऐकू येत होता. "दिली आम्ही मतं. आता चार वर्षं इकडं फिरकू नकोस."

"सोमवारी येतेय मी," ओलीटा म्हणाली. "गुरं मोजायला."

पलीकडे फोनवर हात ठेवून काहीतरी कुजबुज झाली. मग डेल्मरनं घसा साफ केला.

"मग सकाळीच ये. टेप गाडीत ठेव, गुरं कुठं पळून जात नाहीत. आणि अंगणात उभी राहून हाका मारू नकोस, सरळ आत ये. सून म्हणतेय, न्याहारीला बसायचंय तुला आमच्यात."

ओलीटा हो म्हणायचंच विसरली. तिनं मान हलवली, जणू त्याला ती दिसतच होती, आणि फोन ठेवला. लोक गोळा होऊन अभिनंदन करत होते, कुणी फोटो काढत होतं. तिनं सगळ्यांतून हात घालून मॅव्हिसला जवळ ओढलं. इतक्या वर्षांत तिला हे विचारायची वेळच आली नव्हती.

"मॅव्हिस," ती हळूच म्हणाली, "कुणाच्या घरी खायला बोलावलं की आपण काय घेऊन जायचं असतं गं?"